साल्तोचं गरम पाणी

शुक्रवारी माझी बायको सलमा गेली. तिला इथेच, सौदीत, दफन केलं.

इथल्या अबकैक शहराच्या उन्हात छतावरची टाकी तापते, म्हणून आंघोळीचं पाणी आदल्या संध्याकाळीच बादल्यांत भरून निवायला ठेवावं लागतं. आज नळाखाली हात पोळला आणि उरुग्वेतलं साल्तो आठवलं. नदीकाठचं ते शहर कोणाच्या फारसं ऐकिवातही नाही. तिथल्या गरम झऱ्याच्या हौदात सलमा पाय सोडून बसली होती.

“एवढं विमानात कोंबून आणलंत, आणि दाखवलंत काय? आपलं दापोलीकडचं उन्हवऱ्याचं गरम कुंडच!” ती हसली. मग हळूच म्हणाली, “अजून बसू या ना. इथे हाडं दुखत नाहीत.”

ते दुखणं आम्ही दोघांनीही प्रवासाच्या शिणाचं मानलं होतं. तो कॅन्सर होता.

मी अजूनही रोज संध्याकाळी दोन बादल्या भरतो. सकाळी एक तशीच भरलेली राहते.