कांबळेबाईंच्या घरचं पाणी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

आयटीवाले पुण्यात येऊ लागले आणि धायरीच्या शेतांत फ्लॅटचे बोर्ड उभे राहिले, तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका प्लॉटवर पूर्वी ट्रकचं जळकं ऑइल साठवायचे. माती काळी, चिकट झालेली. बिल्डरला ती स्वच्छ करून हवी होती; ते काम माझ्याकडे आलं. मी सदाशिव पेठेतली, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली आणि भलतीच हुशार — असं मलाच वाटायचं. तेल खाणारे जिवाणू मातीतच असतात. शेणखत, युरिया, ओल आणि हवा मिळाली की कामाला लागतात. आम्ही माती उकरत राहिलो, पाणी मारत राहिलो. काही महिन्यांत वास गेला, चक्क गवत उगवलं. काय मिरवले मी!

प्लॉटच्या शेजारी कांबळेबाई राहायच्या, बालवाडीच्या शिक्षिका. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि लहानगी लेक सुजाता. घरच्या विहिरीला तेलाचा वास यायचा म्हणून बाई लांबून पाणी आणायच्या. गवत बघून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, आता प्यायला चालेल?" मी म्हटलं, "खुशाल प्या." विहीर न तपासताच!

तपासली ती नंतर. पाण्यात तेल होतं — नाकाडोळ्यांना कळणार नाही इतकं, पण पिऊ नये इतकं. खोलवर हवा नसते. तिथलं तेल माझ्या जिवाणूंनी खाल्लंच नव्हतं. हे मला आधी सुचू नये? सुचलं होतं हो. मिरवण्याच्या नादात बाजूला सारलं.

तेच सांगायला गेले. खरंच, सांगायलाच गेले होते. तर बाईंनी हसून पाण्याचं भांडं पुढे केलं. "तुमच्यामुळे घरचं पाणी मिळालं, मॅडम. घ्या." आणि माझी जीभ रेटेना. माझं काम फसलं, हे कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, "आज माझा निर्जळी उपवास आहे."

बाहेर आले. ऊन रणरणत होतं, घशाला कोरड पडलेली — स्कूटरच्या डिकीतली बाटली काढली आणि तोंडाला लावली. वळले तर बाई दारात, हातात तेच भांडं.

"सुटला वाटतं उपवास," त्या म्हणाल्या. मग भांडं मागे घेत, "राहू द्या. कळलं मला."

काय कळलं, ते मलाही कळलं. पेठेतली बाई आपल्या हातचं पाणी पीत नाही — दुसरं काय वाटणार त्यांना? एका वाक्यात तो गैरसमज मिटला असता. पण त्या वाक्यात माझी चूक होती. म्हणून गप्प राहिले. मी जात पाळते असं त्यांना वाटलं तरी मला चाललं. मी चुकले, हे कळायला नको होतं. शी! लिहितानाही किळस येते स्वतःची.

बाईंनी मुलीला हाक मारली. "पी गं. आपलं पाणी आपल्याला चालतं."

सुजाताने दोन्ही हातांनी भांडं धरलं आणि तळापर्यंत रिकामं केलं. मी बघत होते. मग बाटलीचं झाकण लावलं, स्कूटर सुरू केली. ते पाणी पिऊ नका, एवढं सांगायला मी परत कधीच गेले नाही.