चार गुरुवारांची मोजणी

चहा येईपर्यंत सांगून टाकतो, म्हणजे ऐकताना ठसका तरी लागणार नाही. एवढी माती मी उभ्या नोकरीत खाल्ली नव्हती.

मी बससेवेच्या ऑफिसात, बजेटच्या टेबलावर. पुढच्या वर्षाचं बजेट बसवायचं म्हणजे एखादा मार्ग कापावाच लागतो. कोणता? ज्याच्या बसला माणसं नाहीत तो. यंदा साहेब म्हणाले, "स्वतः बसून मोजा."

मोजलं ना! खाडीकाठच्या गावाहून सकाळी पनवेल मार्केटला येणारी बस. लागोपाठ चार आठवडे. बसमध्ये मी, कंडक्टर आणि एक पेंगणारा वॉचमन. कंडक्टर काहीतरी सांगू बघत होता. मी म्हटलं, "तुम्ही नका बोलू. आकडे बोलतील."

बजेटच्या कागदावर मार्ग कापला. सोमवारी सभेत मंजुरी होती.

रविवारी मी मासळी आणायला गेलो. यमुनामावशी आमची बारा वर्षांपासूनची कोळीण. बोंबील साफ करता करता म्हणाली, "सायब, आमची बस बंद करताय म्हनं. टोपली बघून रिक्षावाला घेत नाय. मी येनार कशी?"

"पण मावशी, माणसंच नसतात. मी चारदा मोजलंय."

"कवा?"

"मार्गशीर्षात. दर गुरुवारी."

"गुरुवारीच का?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? गुरुवारी माझा उपवास. डब्याची वाट बघायची नाही, लवकर निघता येतं.

मावशीचे हात थांबले. "मार्गशीर्षातल्या गुरुवारी तुमी माझ्याकडून म्हावरा घेता?"

"नाही."

"मंग मी कोनासाठी बस धरू?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नेहमीसारखे दोन बोंबील तिने वर घातले. मला फार लाज वाटली.

सोमवारी सभेआधी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "लेखी द्या." दिलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "मोजणाऱ्याचा उपवास असल्याने बस रिकामी आढळली." मग कागद फायलीत लावत म्हणाले, "बुधवारी पुन्हा मोजा. तोवर मार्ग कापू नका."

बुधवारी बसमध्ये टोपल्यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. मावशीने सरकून मला टेकण्यापुरती जागा दिली. मार्ग वाचला, हे मोजायच्या आधीच दिसत होतं.

गर्दीतून वाट काढत कंडक्टर आला. तिकीट फाडून माझ्या हातात दिलं आणि हळूच विचारलं, "साहेब, आज मी बोललो तर चालेल का?"