दोन टिंबांच्या ओळी

तुमच्या आजोबांनी केलेला खान्देशी शब्दांचा कोश तुमच्या आईने तिकडे नेला आहे. शब्द अकारविल्हे लावलेले आहेत, अर्थ नेमके आहेत, समास चारही बाजूंनी सारखे आहेत. त्यात एक गोष्ट नाही, आणि ती माझ्यामुळे नाही. ती कोणती, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिते आहे.

आम्ही तेव्हा धुळ्याला राहत होतो. ते कॉलेजात गणित शिकवत, मी शाळेत इंग्रजी. त्यांचं गाव शिंदखेड्याजवळ. तिथे त्यांची थोरली बहीण राहायची. तिला सगळे अक्का म्हणत. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण या कोशाचे अर्धे शब्द तिनेच मिळवून दिले. दर रविवारी हे गावी जायचे, अक्का त्यांना निंदणीला बसलेल्या, शेंगा फोडत बसलेल्या बायकांमध्ये नेऊन बसवायची आणि म्हणायची, "बोला वं, मना भाऊ लिखी लेस." संध्याकाळी हे खिसाभर चिठ्ठ्या घेऊन परत यायचे.

मी जळगावची. माहेरी खान्देशीच बोलत. पण इंग्रजी शाळेत वर्गातल्या मुली हसायला लागल्या, तेव्हा मी ती बोली घासून घासून काढून टाकली. सासरी सगळे 'शे' म्हणायचे, मी 'आहे' म्हणायची. यांनी त्यावरून मला कधी टोकलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कॉलेजात संगणक आला. त्यात एक खास कार्ड बसवलं की देवनागरी उमटे. वर्ग सुटले की हे तिथे बसून चिठ्ठ्या टाइप करत. एकदा मी बघायला गेले. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि शब्दांच्या मागेपुढे कसल्याकसल्या खुणा.

"हे काय? पानभर मुंग्या लागल्यात."

"खुणा आहेत. इथून ठळक अक्षर सुरू, इथे संपलं. कागदावर येत नाहीत त्या."

"मग कागदावर येणार तसंच पडद्यावर दिसायला काय होतं त्याला?"

"मास्तरीणबाई, तुम्हाला नवरीच्या आधी शालू बघायचा असतो."

मग त्यांनी समजावलं. टिंबाने सुरू होणारी ओळ म्हणजे यंत्राला हुकूम. समास इतका सोड, इथे पान बदल. अशा ओळी इंग्रजी अक्षरांतच लिहाव्या लागत. ते म्हणाले, पान कसं दिसावं ते नंतरही ठरवता येतं. शब्दाबद्दल जे ठाऊक आहे ते आत्ताच लिहून ठेवायला हवं. मी मान डोलावली. एका टिंबाचं मी लक्षात ठेवलं. दोन टिंबांनी सुरू होणाऱ्या ओळींचं त्यांनी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि माझं लक्ष घड्याळाकडे असेल. घरी मी तपासायची ते छापलेले कागद, आणि छापताना टिंबाच्या ओळी गळून जायच्या. त्यामुळे त्या ओळींत काय होतं ते मी कधी वाचलंच नाही.

निवृत्तीनंतर वर्ष झालं नाही तोच ते गेले. सकाळी दाढी करताना. कोश पूर्ण होता, छापायचा राहिला होता. माझ्याकडे दोन फ्लॉप्या होत्या, एक मूळ आणि एक नक्कल, दोन्हींवर माझ्या अक्षरातली लेबलं. कॉलेजातला तो जुना संगणक तोवर भंगारात गेला होता.

मी जळगावला भावाच्या शेजारी राहायला आले. माझ्याच एका विद्यार्थिनीने तिथे डीटीपीचं दुकान काढलं होतं. तिच्या संगणकावर माउस होता आणि पान पानासारखं दिसत होतं. जे पडद्यावर तेच कागदावर. ते गेल्यानंतर मला बरं वाटलेली ती पहिली गोष्ट. मनात म्हटलंसुद्धा, बघा, शालूसकट नवरी.

पण त्यांची फाइल उघडली तेव्हा नव्या प्रोग्रामला जुने हुकूम कळेनात. सगळी फाइल मराठी फॉन्टमध्ये आली. शब्द आणि अर्थ नीट दिसले. जिथे इंग्रजी अक्षरं होती तिथे नुसता कचरा, कुठे काना, कुठे अर्धा ज, कुठे रफार. जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली अशी एक ओळ, दोन टिंबांनी सुरू होणारी.

"बाई, ही काय भानगड? सरांनी इतकी टिंबं कशाला दिलीत?"

"यंत्राचे हुकूम आहेत ते जुने. तुझ्या यंत्राला लागणार नाहीत."

"काढू?"

"सगळे काढ."

प्रत्येक शब्दाखाली यंत्राला हुकूम कशाला लागेल, असं मला वाटायला हवं होतं. तिने टिंबाने सुरू होणाऱ्या साऱ्या ओळी एकदम काढल्या. पानं आंघोळ घातल्यासारखी स्वच्छ झाली. मूळ फ्लॉपीवर तिने ती स्वच्छ फाइल उतरवली. मी पर्समधून दुसरी फ्लॉपी काढली. "हिच्यावरही हीच घाल. दोन प्रतींत फरक राहिला की घोळ होतो."

"जुनं पुसलं जाईल हां, बाई."

"जाऊ दे."

पंधरा दिवसांनी ती प्रूफ दाखवत होती. एका पानावर कचऱ्याची एक ओळ शिल्लक होती. टिंबांच्या आधी यांच्या हातून एक मोकळी जागा पडली होती, म्हणून ती वाचली होती. शब्द होता 'आंडेर', म्हणजे मुलगी. ती म्हणाली, "थांबा, फॉन्ट बदलून बघते." इंग्रजी फॉन्ट लावला, आणि ती मोठ्याने वाचायला लागली.

"बाई, हे तर मराठी आहे! इंग्रजी अक्षरांत लिहिलंय."

ओळ अशी होती: 'हिने. लेक झाली तेव्हा, दवाखान्यात. एकदाच.'

तुमची आई झाली तेव्हा मी शुद्धीवर येताना नर्सला म्हणाले होते म्हणे, "मनी आंडेर माले दखाडा." मला आठवत नाही. हे दाराशी उभे असणार. तो शब्द धुळ्याच्या घराघरात आहे, कुणाकडून ऐकला हे लिहायची काही गरज नव्हती.

तेव्हा मला कळलं, दोन टिंबांच्या ओळी यंत्रासाठी नव्हत्या. कोणता शब्द कुणाच्या तोंडून, कधी, काय करताना आला, हे त्यांनी प्रत्येक शब्दाखाली माणसांसाठी लिहून ठेवलं होतं. छपाईचं पान सुटसुटीत राहावं आणि नोंदही हरवू नये म्हणून. तेवढं सगळं मी दोनदा पुसून घेतलं होतं.

माझी विद्यार्थिनी रडकुंडीला आली. "बाई, ही ओळ तरी ठेवू ना?"

"काढ," मी म्हणाले. "बाकी कुणाचंच नाव नाही, मग माझंच कसं?"

पुस्तक निघालं तेव्हा मी एक प्रत घेऊन अक्काकडे गेले. त्या थकल्या होत्या, पण खाटेवर उठून बसल्या. पुस्तक मांडीवर घेतलं, हात पुसून पान उघडलं, आणि मला विचारलं, "मनं नाव कोठे शे वं?"

मी उगाच पानं उलटली.

"भाऊनी सांगेल व्हतं. मना शब्दले मनं नाव लिखेल शे म्हने. बठ्ठ्या बायास्नं पण." म्हणजे सगळ्या बायकांचंसुद्धा.

सदतीस वर्षं मी पेपर तपासले, कुणाला अर्धा मार्क उगाच दिला नाही. त्या दिवशी मी अक्कांचं बोट धरून एका शब्दावर ठेवलं आणि म्हणाले, "हे इथे, तुमचं." त्यांनी ते अक्षर अंगठ्याने चोळून पाहिलं. म्हणाल्या, आता शेजारणीचं दाखव. शेजारीण तीन वर्षांपूर्वी वारली होती. मी दुसरीकडे बोट ठेवलं.

"काय शब्द शे?"

मी वाचून दाखवला. अक्का हसल्या. "नही वं. हाऊ तिना नही. हाऊ मना शे. ती तं साक्रीकडली, ती आसं बोलेच नही."

मग मला खोटं पुढे नेता येईना. मी सगळं सांगितलं, टिंबं, फ्लॉपी, पुसून टाकणं. फ्लॉपी म्हणजे काय हे त्यांना कळलं नाही; पुसलं म्हणजे काय ते कळलं. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मंग आते तू वाच. मी सांगस."

मी पर्समधली पेन्सिल काढली. मी वाचायची, त्या आठवायच्या. ज्याच्यापुढे आठवलं त्याच्यापुढे मी समासात नाव लिहायची. पण बऱ्याच शब्दांना त्या म्हणत, "बठ्ठाच बोलतस," किंवा नुसतं खिडकीबाहेर बघत. त्यांच्यासमोर घडलं तेवढंच त्यांना ठाऊक होतं; बाकीच्या वेळी बायकांनी भावाला काय सांगितलं आणि कुठे बसून, ते त्यांनाही माहीत नव्हतं. ते ठाऊक असलेला माणूस एकच होता.

तीन रविवार मी जळगावहून गेले. चौथ्या रविवारी निरोप आला की अक्का बोलत नाहीत, माणूस ओळखत नाहीत. आम्ही 'क'च्या मध्यापर्यंत आलो होतो.

ती पेन्सिलची प्रत माझ्याजवळ आहे. तुमच्याकडे आहे ती छापील. तिच्यातले शब्द सगळे बरोबर आहेत. फक्त ते आता कुणाच्याच तोंडचे नाहीत.