हरिदासभाऊंची पितळी वाटी

रायपुरातल्या आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, कुठल्याही लग्न झालेल्या मराठी पुरुषाच्या घरी जा, एक पितळी वाटी सापडेलच. ती हरिदासभाऊ मेश्रामांनी लग्नात दिलेली असते. सोबत दाढीचा गोल साबण आणि ब्रश. मलाही मिळाली. आमच्या घरी त्या वाटीत सुपारी असायची आणि हरिदासभाऊ येताना दिसले की बायको ती फ्रिजमागे लपवायची.

हरिदासभाऊ रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होते. तिथं एखादं चाक जितकं तपासलं नसेल, तितका ते साबण तपासत. गोल बाजारात भैय्यालालच्या दुकानात जायचं, ब्रश भिजवायचा, मनगटावर फेस करायचा आणि चहा मागवायचा. चहा संपायच्या आत फेस बसला तर साबण नापास. वास फक्त चंदनाचा हवा. एकदा भैय्यालालने पुदिन्याचा थंडगार साबण दाखवला, तर म्हणाले, "गालाले सर्दी काहून द्यायची?" दुसऱ्या कोणी इतका छळ केला असता तर भैय्यालालने त्याला हाकलून दिलं असतं.

या वेडाचं मूळ त्यांच्या वडिलांत आहे. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावात न्हावी विटाळाच्या भीतीने आमच्या लोकांच्या गालाला हात लावत नसे. माणसं नाल्याकाठी बसून एकमेकांची दाढी खरवडत. रायपूरला रेल्वेत लागल्यावर वडिलांनी पहिली वस्तू घेतली ती पितळी वाटी. कोणापुढे गाल घेऊन उभं राहायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. रोज पहाटे ओसरीवर बसून त्याच वाटीत हरिदासभाऊ फेस करत. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी त्यात सुपारी ठेवली. माणूस असाच असतो, दुसरं काय.

पंचाईत झाली ती त्यांच्या मुलीच्या, रुचिताच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला. नवरा मुलगा संघर्ष, भिलाईच्या कारखान्यात इंजिनिअर. पोरगा सोन्यासारखा, पण तोंडावर दाट, कातरून आखलेली दाढी. हरिदासभाऊंच्या बायकोने, मायावहिनींनी, त्यांना आधीच बजावलं.

"पोट्ट्याले साबण देऊ नका. त्याले वाटंल, सासऱ्याले माही दाढी खटकते."

"मंग बाकीच्याइले दिला तो?"

"ते आपले जावई होते काय?"

साऱ्या पाऱ्याच्या पोरांना दिलं आणि स्वतःच्या जावयाला देता येऊ नये, हे हरिदासभाऊंना फार लागलं. पण मुलीच्या सुखात खडा नको म्हणून शेवटी मला घेऊन ते गोल बाजारात गेले आणि खालच्या आवाजात दाढीला लावायचं तेल मागितलं.

भैय्यालाल, हे आजारी तर नाहीत ना, अशा नजरेने त्यांच्याकडे बघतच राहिला. "तबियत तो बने हे न भैया?"

हरिदासभाऊंनी तेल मनगटावर चोळलं, चहा मागवला. चहा संपला तरी तेल तिथंच होतं.

"याले पास समजू का नापास, राकेश?" त्यांनी मला विचारलं. मी पास म्हटलं. मला घरी जायचं होतं.

रुचिताला विचारावं, हे मात्र आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

साक्षगंधाच्या दिवशी गुळगुळीत गालांचा एक तरुण मांडवात शिरला. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं, वरचा अर्धा चेहरा काळा, खालचा गोरा. हरिदासभाऊंनी त्याला फोटोग्राफर समजून प्लग कुठे आहे ते दाखवलं. त्याने वाकून पाया पडल्यावर उजेड पडला. बुद्धवंदना झाली, अंगठ्या झाल्या, आणि हरिदासभाऊंनी डबा पुढे केला. संघर्षने उघडला. आत तेलाची बाटली आणि लाकडी कंगवा.

तो मराठी समजतो, बोलतो हिंदीत. "बाबूजी, मेरी कटोरी? रुचिता ने दादाजी की पूरी बात बताई थी। आज सुबह पहली बार अपने हाथ से दाढ़ी बनाई।"

मायावहिनी जमिनीकडे बघू लागल्या. हरिदासभाऊ घरात गेले आणि वडिलांची वाटी आणून त्यांनी संघर्षच्या हातात ठेवली. तिच्यात सकाळचा अर्धा झिजलेला साबण अजून ओला होता. वापरलेलं कोणाला द्यायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. तो त्यांनी भर मांडवात मोडला, आणि नंतर माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडले.

पुढचे तीन दिवस ओसरी रिकामी. भैय्यालालच्या दुकानातली एकही वाटी त्यांना पसंत पडेना. गालांवर पांढरे खुंट आले. वहिनी म्हणाल्या, "आता तुमच्यासाठीच तेल आणू का?"

चौथ्या पहाटे मी सुपारी डब्यात ओतली, वाटी चिंचेने घासली आणि त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, भाऊ, तुमचीच आहे. त्यांनी फेस केला, ब्रश गालाशी नेला आणि थांबले.

"साबण चंदनाचाच हाय," ते म्हणाले, "मंग सुपारीचा वास कुठून येऊन राहिला, राकेश?"