काकीचा पासवर्ड

नवरा गेला की त्याचं नाव हौसेने घ्यायचा बाईचा हक्कही त्याच्याबरोबर जळतो, हे कोणी ठरवलं, सांगाल मला? प्रश्न पत्रकातला वाटेल, आणि आहेही. मी तो छापून गावभर वाटला होता. पण आज भाषण करायचं नाही, माझ्या धाकट्या काकीबद्दल सांगायचं आहे. खर्डीपासून शहापूरपर्यंत पोटात गोष्ट न ठरणारी अशी दुसरी बाई मिळणार नाही. ती कुजबुजली तरी अंगणातल्या कोंबड्या माना वर करतात. कॉलेजात असताना मी मोर्च्याला गेले आणि घरी सांगू नको म्हणून तिला शपथ घातली. तिने घरी अक्षर काढलं नाही. फक्त विहिरीवर सांगितलं. भांडायला गेले तर म्हणाली, "घरी कुटं सांगितलं गो? विहीर काय आपल्या घरात हाय?" तिने भाजी केली की अर्धी शेजारी जाते आणि उरलेली अर्धी शेजारी येऊन खातात. अशा बाईच्या घरात वायफाय आलं.

आणलं तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलत भावाने. तो भिवंडीच्या एका गोदामात कामाला. घरात नेट चांगलं असेल तर आठवड्यातले दोन दिवस घरून काम कर, असं साहेबाने सांगितलेलं. शहापूरहून बसवणारा आला. डबा कुठे लावायचा ते काकीने ठरवलं: काकांच्या फोटोशेजारी, "त्यांनाबी जरा सोबत." संध्याकाळपर्यंत डब्यावर विणलेला रुमाल चढला, पाल शिरू नये म्हणून. विजा चमकल्या की ती आधी डबा बंद करते, मग वाळत घातलेले कपडे आणते. मागच्या पडवीत रेंज पोचत नाही कळल्यावर तिने मधलं दार कायमचं उघडं टाकलं. "दार लावल्यावर कोण येल रे?" असं तिने बसवणाऱ्यालाच विचारलं.

डबा लावून झाल्यावर तोच म्हणाला होता, "काकी, पासवर्ड काय ठेवू? निदान आठ अक्षरं. तुमी कधी विसरणार नाय आणि तोंडातून काढणार नाय असा सांगा." काकीला विचार करावा लागला नाही. असा एक शब्द लग्न झाल्यापासून तिच्याजवळ तयारच होता. "दारावर लिवलाय बघ," ती म्हणाली. दारावर तेलरंगात काकांचं नाव होतं: काशिनाथ. इंग्रजीत अक्षरं पुरली. अशा रीतीने आमच्या घरातलं एकमेव गुपित रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही वाचता येईल असं झालं.

शेजारची नवी सून मोबाईल घेऊन आली तेव्हा मी ओटीवरच होते. तिने पासवर्ड विचारला आणि काकीने दाराकडे बोट केलं. माझं डोकं फिरलं. "काकी, सरळ नाव घे. नवऱ्याचं नाव न घेणं ही गुलामगिरी आहे!"

"तू तुझ्या पत्रकात घे गो," काकी म्हणाली.

सून हसत म्हणाली, "मग उखाण्यात घ्या की!"

आणि लगेच तिने जीभ चावली. उखाणे घ्यायचे ते सवाष्णींनी. एके काळी उखाण्यात काकीला हरवणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. पण काका गेल्यापासून लग्नाघरी 'नाव घ्या, नाव घ्या' हा आग्रह तिच्या शेजारणीपर्यंत यायचा आणि तिला वगळून पुढे जायचा. ती मागच्या खुर्चीवर हसत टाळ्या वाजवायची. आता तिने डब्यावरचा रुमाल उगाच सारखा केला, घसा साफ केला आणि म्हणाली:

"भाताच्या लोंबीला दाण्यांची साथ,
नेट जोडून घे पोरी, नाव काशिनाथ."

माझ्या पत्रकाने जे झालं नव्हतं ते त्या डब्याने एका दुपारात केलं. दुसऱ्या दिवसापासून ओटी भरू लागली. जुना उखाणा पुन्हा देणं काकीला कमीपणाचं वाटे, म्हणून प्रत्येक मोबाईलला नवा. पोस्टमनलाही मिळाला: "भिंतीवरच्या डब्यात दिवे लुकलुकतात सात, घरभर रेंज देतात काशिनाथ." दिवे चारच होते, पण यमकापुढे पोस्टमन काय बोलणार?

इकडे भावाचं नेट रांगायला लागलं. एक दिवस वैतागून त्याने पासवर्ड बदलला आणि नुसते आकडे घातले. मी त्याच्यावर तुटून पडले, "आईचा आवाज बंद केलास तू!"

"पत्रक नको वाचू," तो म्हणाला. "मला साहेबाचं तोंड दिसत नाय, नुसते चौकोन दिसतात."

काकीला आकडे दिले आणि कोणाला सांगू नको म्हणून बजावलं. तिने संध्याकाळपर्यंत ते साऱ्या आळीला सांगितले, भाजीचा भाव सांगावा तसे. म्हणजे नेट वाचलं नाहीच, फक्त उखाणे गेले. बायका आकडे घेऊन उभ्या उभ्याच परत जाऊ लागल्या आणि काकी ओटीवर यायचीच थांबली. शेवटी भावानेच बसवणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, एकाच डब्यातून दोन वायफाय निघतात, एक घरचं आणि एक पाहुण्यांचं. पाहुण्यांनी कितीही ओढलं तरी घरच्यापुरतं राखून ठेवता येतं.

"म्हंजे माजघर निराळं नि ओटी निराळी," काकी म्हणाली. "मग ह्यांना ओटीवर ठेव. ह्यांना माणसं लागायची."

घरचे आकडे भावाने पुन्हा बदलले, काकीला न सांगता. आता त्याला साहेब पुरता दिसतो, आणि पाहुण्यांसाठी काका आहेत. पण मोबाईलची एक वाईट खोड आहे: एकदा सांगितलेला पासवर्ड तो विसरत नाही. आळीतले सगळे मोबाईल आता आपोआप जोडले जातात, बायका रस्त्यावरूनच हात करून जातात, आणि काकी दुपारभर ओटीवर नवा उखाणा तयार ठेवून बसते.

म्हणून ही विनंती, आणि ती मनावर घ्या. आमच्याकडे आलात तर तुमच्या मोबाईलमध्ये कितीही नेट असो, काकीला पासवर्ड विचारा; दारावर वाचू नका. आधी येऊन गेला असाल तर तो मोबाईलमधून पुसून टाका आणि पुन्हा विचारा. आणि खर्डी लांब पडत असेल, तर तुमच्या घरच्या पुढच्या लग्नात मागच्या खुर्चीवर टाळ्या वाजवत बसलेल्या बाईपाशी जा, सगळ्यांदेखत तिचा हात धरा आणि म्हणा, "आता तुम्ही नाव घ्या."