तव्याची काजळी आणि करडीचा हेमराज

करडी गावचा हेमराज रंगाने काही दुधात धुतलेला नाही. तरी दरवर्षी मंडईच्या जत्रेला दुपारी तो चुलीवरचा तवा उलटा करून खरवडायचा, काजळीत खोबरेल कालवायचा आणि तोंडाला फासायचा. त्याची बायको आनंदाबाई म्हणायची, उगीच तेल कायले नासवता, तसेच जा, कोणाले फरक समजत नाही. ही गंमत गावभर तिनेच पसरवली. हेमराज रागावत नसे, कारण त्या दिवशी तो गावाचा राजा असे.

दिवाळीनंतरच्या मंडईत पंचायतीच्या ओट्यावर दंडार, म्हणजे सोंगांचा खेळ, व्हायची आणि तिच्यात हेमराज चोर व्हायचा. सोंग कोणाचं, हे विचारायची गरज नव्हती. आंबागडाखालून धान कापायला येणारा परसराम मडावी, गोंड गडी. त्याचीच ती वाकडी चाल, जमिनीकडे पाहत बोलायची तीच सवय. शिपाई आला की हा चोर दोन्ही हात पुढे करायचा, "चोरी कोनंबी करो जी, बांधा मलेच. तुमची खेप तं वाचते." लोक पोट धरायचे. परसरामही मागे उभा राहून हसायचा. निदान हेमराज तरी तसं सांगायचा.

मागल्या वर्षी मंडईनंतर चारच दिवसांनी मधुकररावांच्या बोडीवरची, शेततळ्यावरची, पाण्याची मोटार गायब झाली. मधुकरराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. सकाळी परसराम बोडीवर तोंड धुताना दिसला होता, तेवढं पुरलं. त्याला ओट्यावर बसवलं. बांधलं कोणी नाही, खोटं कशाला बोला. फक्त उठू दिलं नाही. पाण्याला उठला तरी कोणीतरी म्हणे, बस.

परसराम त्या वेळी हेमराजकडेच कापणीला होता. गडी धानाच्या बांधीत आला नाही म्हणून हेमराज विळा हातात घेऊनच ओट्याशी आला. रात्रभर परसराम त्याच्याच पडवीत तापाने कण्हत पडला होता, आनंदाबाईने दोनदा काढा पाजला होता. हेमराजने एक वाक्य बोलायचं होतं, बस.

पण त्याला पाहताच गर्दी फुलली. कोणी म्हणालं, आले आपले चोरसाहेब, होऊन जाऊ द्या भाऊ एक डाव. आणि गर्दी दिसली की हेमराजची जीभ त्याच्या ताब्यात राहत नाही. हात पुढे झाले, मान खाली गेली, सोंगातलं तेच वाक्य आलं. ओटा हशाने हलला. मग त्याला आठवलं आपल्याला काय सांगायचं होतं ते. तो म्हणाला, "रातभर तो माह्या पडवीत होता." आवाज अजून सोंगाचाच होता. लोक आणखीच हसले. हेमराजही हसला, आणि धान पडून आहे म्हणत निघून गेला.

संध्याकाळी मोटार सापडली. मधुकररावांच्या जावयाने ती दुरुस्तीला मोहाडीला नेली होती, सांगायचं विसरला. सगळे पांगले. हेमराज घरी आला तर पडवीतली परसरामची वळकटी नव्हती, आणि काढ्याचा पेला घासून पालथा ठेवलेला होता.

यंदा कापणी आली, परसराम आला नाही. मंडईला दोन दिवस असताना हेमराज गडी बोलवायचं निमित्त करून गाडीवर आंबागडला गेला. परसरामने खाट टाकली, चहा सांगितला. हेमराजने पीकपाणी विचारलं, जंगलातली वाट विचारली, अख्खं जग फिरून शेवटी म्हणाला, की तेव्हा माझं चुकलं.

परसरामने चहा आणणाऱ्या बायकोला, शकुबाईला, थांबवलं.

"हे पाव्हणे माहं सोंग करते. सारं गाव हासते. तू कदी पाह्यलं नाई ना?" मग हेमराजकडे वळून, अगदी आदराने, "करून दाखवा जी. घरच्यायले पाहू तं द्या मी कसा दिसतो."

हेमराज उभा राहिला. हात पुढे येईनात. शकुबाई कप धरून वाट पाहत होती.

"काजळी नाही," तो कसाबसा म्हणाला.

"ओट्यावर तं बिनकाजळीनंच केलं होतं," परसराम म्हणाला.

चहा हेमराजने प्यायला. न पिण्याचं तोंड नव्हतं.

मंडईच्या दुपारी आनंदाबाईने सवयीने तवा काढून ठेवला. हेमराज त्याला न शिवता गेला. आपली पाळी आली तसा ओट्यावर चढला आणि स्वतःच्या आवाजात म्हणाला, "मागच्या साली मोटार गेली त्या राती परसराम माह्या पडवीत होता. मले ठाऊक होतं."

लोक हसले. हेमराज हसला नाही. त्याने तेच पुन्हा सांगितलं. आता हसू मागच्या रांगेत तेवढं उरलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा मधुकररावांनी ढोलकीवाल्याला खूण केली.

ढोलकी वाजू लागली. हेमराज हात पाठीमागे धरून तिथेच उभा राहिला.