एक कोयता, दोन माणसं

बेलापूरच्या ताईंनी त्या दिवशी मला वाचवलं. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

मी पाथर्डीकडची. आई-बाबांबरोबर ऊसतोडीला जाता जाता सातवीत शाळा सुटली. पुढं टायपिंग शिकले आणि इकडं बेंगळुरूला एका संशोधन संस्थेत आकडे भरायच्या कामाला लागले. नोकरी कच्ची. मोठी चूक झाली की घरी, ही धास्ती घेऊनच रोज खुर्चीत बसते.

इथं कॉम्प्युटरवर सगळ्या जगाचा संसार मांडतात. कुठल्या देशात काय पिकतं, किती माणसं राबतात, ते भरायचं. मग एकीकडं साखर महागली तर दुसरीकडं काय होईल, ते प्रोग्रॅम सांगतो. ताई माझ्या वरच्या. असले प्रोग्रॅम, म्हणजे मॉडेलं, त्याच बांधतात. मागं साखरेच्या मॉडेलसाठी माझ्याच जिल्ह्यातले पाहणीचे कागद आले. नेवासा, पाथर्डी. नावं वाचूनच गलबलून आलं. भराभर भरले.

मॉडेलचा निकाल परदेशी, काम देणाऱ्यांकडं गेला आणि दुसऱ्या दिवशी ताई हसत आल्या. "काय गं, तुमच्याकडचा माणूस इतरांच्या दुप्पट ऊस तोडतो? खाता तरी काय?"

मी कागद काढला. त्यावर होतं, अठरा कोयते. मी अठरा माणसं भरली होती.

"ताई, कोयता म्हंजे नवरा-बायको. दोघं मिळून एक."

"मग एकच का धरलंस?"

"आमच्यात तसंच मोजत्यात."

त्यांचं हसू थांबलं. एकेका कागदावरून सगळ्या बायका गेल्या होत्या. माझ्या आईसारख्या. आणि त्या मीच गाळल्या होत्या, उसाच्या फडात वाढलेलीनं.

चूक कळल्यावर संस्थेच्या साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं तेव्हा ताईच आधी बोलल्या. "तपासणी माझ्याकडं होती. चूक माझी." मी तोंड उघडणार, तर टेबलाखाली त्यांनी माझा हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुला हे आत्ता झेपणार नाही. मला झेपतं."

दोघींनी सगळे कागद पुन्हा भरले, प्रोग्रॅम पुन्हा चालवला, नवा निकाल पाठवला. दुरुस्तीच्या नोंदीत चूक मात्र ताईंच्या नावावर राहिली.

मी अजून कायम झालेले नाही. झाले की पहिल्याच दिवशी साहेबांसमोर उभी राहीन आणि त्या नोंदीत माझं नाव लिहायला लावीन. ताई, तुमचं एवढं तरी मी फेडीनच.